युरोपचा फंड मिळवून देतो म्हणून आमच्या संस्थेचे ४ लाख १० हजार नेले, सीमेवरच्या गावांनी सावध राहा

केळापूर, झरी, राजुरा, इकडं गोंदिया-गडचिरोलीकडं, सीमेला लागून जेवढ्या संस्था, बचत गट, शेतकरी कंपन्या आहेत त्यांनी हे पूर्ण वाचा. लांब आहे पण वाचा. 'सीमापार प्रादेशिक सहकार्य' या नावाखाली युरोपियन युनियनचा फंड मिळवून देतो म्हणून एका माणसानं आमच्या संस्थेचे ४ लाख १० हजार रुपये नेले आणि तो अजून फिरून राहिला आहे. त्याचं नाव लिहीत नाही कारण पोलिसात तक्रार चालू आहे, पण तो बोलतो कसा, कागद कोणते दाखवतो ते सगळं सांगते, म्हणजे तुमच्या दारात आला तर ओळखू येईल.

आमची संस्था पांढरकवड्याच्या खाली पाटणबोरीकडच्या गावांत काम करते. धर्मादायकडं नोंदणी आहे, दरवर्षी ऑडिट होते, महिला गटांची एक छोटी दाल मिल आहे. आम्हाला तेलंगणातलं आदिलाबाद यवतमाळपेक्षा जवळ पडते, कापूस घेणारे व्यापारी तिकडचे येतात, अर्ध्या घरातल्या सुना तिकडच्या, तेलुगू सगळ्यांनाच थोडी थोडी येते. हे मुद्दाम सांगून राहिले कारण त्यानं हेच पकडलं.

ओळखीच्या एका ट्रेनरनं त्याला आणलं. चारचाकी गाडी, लॅपटॉप, गळ्यात ओळखपत्र, बोलणं एकदम गोड. दाल मिलच्या शेडमध्ये भिंतीवर चादर लावून त्यानं प्रोजेक्टरवर दाखवलं की युरोपमध्ये इंटररेग नावाचा कार्यक्रम आहे, १९९० पासून चालू आहे, दोन देशांच्या सीमेवरच्या मागास भागांना एकत्र काम करायला पैसा देतात, २०२१ ते २०२७ या काळासाठी १० अब्ज युरोच्या आसपास रक्कम आहे. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरचं सेर्दान्याचं हॉस्पिटल दाखवलं, पहाडात आहे, २०१४ ला सुरू झालं, दोन्ही देशांचे पेशंट तिथं जातात. मंग म्हणे, "ताई, तुमच्याकडं बाळंतीण बाई आदिलाबादला नेता की यवतमाळला?" सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, आदिलाबाद. "मंग हेच तर सीमापार सहकार्य! तुमची संस्था नागपूरला असती तर मी आलोच नसतो."

यातलं हॉस्पिटल खरं आहे, इंटररेग खरं आहे, आकडा पण खरा आहे, मी नंतर सगळं तपासलं. आमच्या इथं कुणीतरी विचारलं पण होतं की हा पैसा युरोपचा, आपण तर भारतात. तर त्यानं हिंदी महासागराच्या कार्यक्रमाचं पान उघडून दाखवलं आणि त्यात भारताचं नाव होतं. ते पण खरंच आहे. फ्रान्सचं रियुनियन नावाचं बेट आहे मॉरिशसच्या बाजूला, तिथून तो कार्यक्रम चालतो आणि त्यातल्या भागीदार देशांच्या यादीत भारत आहे. पण कुठल्याही इंटररेग प्रोजेक्टमध्ये किमान एक पार्टनर युरोपियन युनियनच्या सदस्य देशातला लागतोच, हा नियमच आहे. महाराष्ट्र आणि तेलंगणा ही सीमा त्यांच्या हिशोबात सीमाच नाही, दोन्ही बाजूला भारत. हे तो बोलला नाही. रियुनियनमधली एक संस्था लीड पार्टनर आहे, तिचं मी पाहतो, तुम्ही आणि आदिलाबादची एक संस्था असे दोन लोकल पार्टनर, एवढंच सांगितलं.

मंग पैसे सुरू झाले. आधी कन्सेप्ट नोटचे २५ हजार. नंतर 'पार्टनर रजिस्ट्रेशन'चे ६० हजार. मंग फ्रेंच भाषांतर आणि नोटरीचे ३५ हजार. प्रत्येक वेळेला काही ना काही कागद द्यायचा, म्हणून काम पुढं सरकून राहिलं असं वाटायचं. प्रोजेक्ट १ कोटी ४५ लाखाचा बनवला होता, त्यात मोठी दाल मिल, दोन्ही राज्यातल्या गटांचं कॉमन ब्रँडिंग, मोहाच्या फुलाचं प्रोसेसिंग, कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, पोरींसाठी ट्रेनिंग. प्रस्ताव वाचला तर खरंच चांगला होता हो, आमच्याच बायकांनी जे जे सांगितलं ते त्यानं लिहून घेतलं होतं. ह्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येते. कोलाम पोडावरच्या पोरीनं त्याला सांगितलं होतं की आम्हाला बाहेर नाही जायचं शिकायला, इथंच शिकवा, आणि ते वाक्य त्यानं जसंच्या तसं प्रस्तावात टाकलं.

शेवटचा हप्ता मोठा होता. पत्र आलं की प्रोजेक्ट मंजूर, आता स्वहिस्सा २० टक्के म्हणजे २९ लाख, पण तुम्ही ग्रामीण संस्था म्हणून त्याचे फक्त १० टक्के, २ लाख ९० हजार, सुरुवातीला 'होल्डिंग अकाउंट'ला भरा, बाकीचं कामातून वळतं करू. आमच्याकडं तेवढेच पैसे होते, तूर घ्यायला ठेवलेले. तुरीचा सीझन लागायला महिना दीड महिना होता आणि पत्रात लिहिलं होतं की पहिला हप्ता ३० दिवसात. महिलांनी बैठक घेतली, ठराव झाला, रजिस्टरवर सह्या अंगठे झाले, आरटीजीएस केलं.

स्वहिस्सा ही गोष्ट पण खरी आहे, म्हणूनच ती फसवते. तिकडं बहुतेक कार्यक्रमांत युरोपियन फंड खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत देते आणि बाकीचे पैसे पार्टनरनं स्वतः उभे करायचे असतात. पण ते कोणाकडं जमा करायचे नसतात, आपण आपल्याच खात्यातून प्रोजेक्टवर खर्च करायचे असतात. आणि दुसरं म्हणजे तिथं सर्वसाधारणपणे आधी खर्च करा, बिलं आणि रिपोर्ट द्या, तपासनीस तपासतील, मंग पैसे परत मिळतील अशी पद्धत आहे. अर्ज करायला फी नाही. अर्जाची मुदत कार्यक्रमाच्या वेबसाइटवर जाहीर होते, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, त्याला मार्क पडतात आणि कमिटी ठरवते. मधला कोणी माणूस मंजुरी आणून देऊ शकत नाही. कोणाला किती मिळाले हे लपून पण राहत नाही, कीप डॉट ईयू नावाच्या साइटवर प्रोजेक्ट आणि पार्टनर यांची नावं सर्च करता येतात. आपल्या प्रोजेक्टचं नाव तिथं किंवा त्या कार्यक्रमाच्या साइटवर नाही तर तुमच्या हातातलं मंजुरीपत्र रद्दी आहे.

भांडं फुटलं कसं ते ऐका. सुरुवातीपासून त्यानं एक अट घातली होती की मार्किंग होईपर्यंत दोन पार्टनर संस्थांनी आपसात बोलायचं नाही, कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट होते, अर्ज बाद होईल. पहिल्या हप्त्याची तारीख गेली, तो म्हणे युरोपात सुट्या आहेत, मंग म्हणे बँकेत अडकलं, मंग म्हणे आदिलाबादवाल्यांना मिळाले, तुमचे पण आठ दिवसात येतात. आमच्या गटात एका बाईचं माहेर आदिलाबादकडचं आहे. ती म्हणे, "त्यांना मिळाले तर मी विचारते ना, त्यात काय बिघडते?" तिनं सरळ फोन लावला, तेलुगूत बोलली, आणि बोलता बोलता तिचा चेहराच उतरला. तिकडच्या संस्थेनं पण पैसे भरले होते आणि त्यांना सांगितलं होतं की पांढरकवड्याला पहिला हप्ता पोचला, आता तुमची पाळी. दोघांनाही एकमेकांच्या नावानं थांबवून ठेवलं होतं.

सहकार्याचा प्रोजेक्ट आणि पार्टनरनं बोलायचं नाही! इंटररेगच्या नियमात बरोबर उलटं आहे. पार्टनरनी प्रस्ताव मिळून तयार करायचा, काम मिळून करायचं, आणि माणसं किंवा पैसा किंवा दोन्ही मिळून लावायचं. कोणी तुम्हाला म्हणाला की दुसऱ्या पार्टनरला फोन करू नका तर त्याच दिवशी फोन करा, त्याच्या समोर स्पीकरवर करा.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला सीएकडं कागद घेऊन गेलो. त्यांनी पत्र हातात घेतलं आणि वाचायच्या आधी वरचा कोपरा पाहिला. निळा झेंडा, पिवळ्या चांदण्या, खाली कार्यक्रमाचा कालावधी छापलेला: २०१४-२०२०. पत्राची तारीख मात्र गेल्या दिवाळीनंतरची. जुन्या कार्यक्रमाचं लेटरहेड कुठून तरी उचलून त्यावर आमचं नाव टाकलं होतं. खाली गोल शिक्का, सही, आणि ईमेल फुकटवाला साधा. युरोपियन युनियनच्या संस्थांचे ईमेल युरोपा डॉट ईयू वरून येतात, कार्यक्रमांच्या ऑफिसांचे त्यांच्या स्वतःच्या साइटवरून, हे सीएंनीच सांगितलं.

मंग त्यांनी विचारलं, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची नोंदणी, आहे का तुमच्याकडं. नव्हतं. परदेशातल्या संस्थेकडून पैसा घ्यायचा तर एफसीआरए कायदा २०१० प्रमाणं नोंदणी लागते किंवा त्या कामापुरती पूर्वपरवानगी, आणि नोंदणीसाठी साधारणपणे संस्था ३ वर्षं जुनी आणि मागच्या ३ वर्षांत १५ लाख मूळ कामावर खर्च केलेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यायला पायजे, आणि एका संस्थेला आलेला पैसा दुसऱ्या संस्थेकडं वळवता पण येत नाही. त्याचं 'होल्डिंग अकाउंट' होतं नागपूरच्या एका खाजगी बँकेत, कोणत्या तरी ट्रेडिंग फर्मच्या नावानं. म्हणजे खरंच युरोपातून पैसा आला असता तरी त्या रस्त्यानं घेणं बेकायदाच झालं असतं, आणि अडकल्या असत्या ज्यांच्या सह्या आहेत त्या बाया.

तक्रार दिली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबरक्राइम पोर्टलवर नोंदवलं, पोलीस स्टेशनला लेखी दिलं, आदिलाबादवाल्यांनी त्यांच्याकडं दिलं. १९३० ला लवकर फोन केला तर पुढच्या खात्यात पैसे थांबवता येतात, आमच्या बाबतीत मोठी रक्कम जाऊन दोन महिने झाले होते, खात्यात काही उरलं नव्हतं. पोलिसांना द्यायला आमच्याकडं व्हॉट्सअॅप, आरटीजीएसची पावती, पत्रं सगळं होतं म्हणून तक्रार तरी घेतली गेली. तुमच्याकडं असं काही झालं असल तर मेसेज डिलीट करू नका, रागानं पण नको.

यंदा दाल मिलला तूर विकत घेता आली नाही. बायकांनी घरची तूर गावातच व्यापाऱ्याला देऊन टाकली, त्यानं दिला तो भाव. मिल अर्धा सीझन बंद होती. लोक विचारतात की काय झालं युरोपच्या पैशाचं, आणि बाया खाली मान घालतात, हे मला सहन होत नाही. त्यांनी कोणाचं काही बुडवलं नाही, ठरावात प्रत्येक रुपया लिहिलेला आहे. मान खाली घालायची ती पैसे नेणाऱ्यानं.

नंतर चौकशी केली तर आणखी दोन संस्था निघाल्या, एक वणीकडची, एक राजुऱ्याकडची. त्यांना पण हेच सांगितलं होतं, रकमा वेगळ्या. गावात नाव जाईल, पुढं कोणी देणगी देणार नाही म्हणून त्या गप्प राहिल्या. वणीवाल्यांचं आमच्या आधी झालं होतं. त्यांनी चार लोकांत सांगितलं असतं तर त्याला आमच्या शेडमध्ये चादर लावायला मिळाली नसती. मी त्यांना दोष देत नाही, त्यांची परिस्थिती पण पाहिली आहे, पण म्हणूनच मी सगळं उघड लिहून राहिले आणि आमच्या कमिटीनं तसा ठरावच केला.

आता ऐकण्यात आहे की गोंदियाकडं छत्तीसगडच्या सीमेवर कोणीतरी अशीच मीटिंग घेतली, तेच हॉस्पिटल दाखवलं. तोच आहे का दुसरा, माहीत नाही. देवरी, सालेकसा, कोरची, तिकडच्या कोणाकडं असा माणूस आला असल तर आधी त्याच्या दुसऱ्या पार्टनरचा नंबर मागा आणि मंग मला कळवा. आमच्या तक्रारीची कॉपी आणि त्या खोट्या पत्राचा फोटो, खाते नंबर झाकून, मागेल त्याला पाठवते.