एकच आरसीसीबी की प्रत्येक सर्किटला आरसीबीओ?

आमच्या डोंबिवलीच्या घरात या दोन्ही मांडण्या राहून झाल्या आहेत. पहिली बारा वर्षं होती: पुढे 40 अँपिअरचा, 30 मिलीअँपिअर गळतीला पडणारा एक आरसीसीबी आणि मागे सात एमसीबी. दुसरी गेले तीन पावसाळे आहे: सात सर्किटांना सात आरसीबीओ. डीबी (हे खटके बसवलेला विजेचा डबा) बदलायला काढला की हा प्रश्न येतोच, म्हणून दोन्हींबद्दल मला जे जाणवलं ते सांगतो. एमसीबी जादा लोडवर आणि शॉर्टवर पडतो, म्हणजे आपोआप वीज तोडतो, आरसीसीबी करंट जमिनीत गळला की पडतो आणि आरसीबीओ दोन्हींवर, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

जुन्या मांडणीवर माझा राग नाही. ती स्वस्त पडते, लहान डब्यात बसते आणि कुठल्याही वायरमनला डोळे मिटून जोडता येते. माणसाचा जीव वाचवायचं काम ती तितक्याच चोख करते. आमच्या गिझरची कॉइल फुटली होती तेव्हा आरसीसीबीनेच सांगितलं. बटण दाबलं की दोन सेकंदांत घर बंद. गिझर बंद ठेवला की सगळं सुरळीत. दोष असा फेजकडून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेकडून येत असेल तर शोधणं सोपं असतं. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्याला आरसीसीबी पडेल ते सर्किट दोषी. (पडलेला खटका कधी कधी मधेच अडकून राहतो. तो आधी पूर्ण खाली दाबून मग वर करावा लागतो. नुसता वर ढकलला तर टिकत नाही आणि आपल्याला वाटतं दोष अजून आहे.)

माझं मन बदललं ते जुलैतल्या एका रात्री. साडेबाराच्या सुमारास लाईट गेली. जिन्यातला दिवा चालू, समोरच्यांकडे उजेड, खाली आमच्या मीटरचा आकडाही दिसत होता, म्हणजे महावितरणकडून सप्लाय येत होता. डीबी उघडला तर आरसीसीबी पडलेला. बाबांना दमा आहे आणि त्या रात्री त्यांना नेब्युलायझर लागणार होता, त्यामुळे मी घाईत होतो. एमसीबी सातच, पण एकावरही नाव नव्हतं. फ्लॅट ताब्यात आला तेव्हा कुणी लिहून दिलं नाही आणि नंतर आम्हीही लिहिलं नाही. तरी वर सांगितलेली पद्धत लावली. सगळे खाली केले, आरसीसीबी वर राहिला. पहिला एमसीबी चढवला, बेडरूमचा पंखा फिरायला लागला आणि सगळं पुन्हा बंद. तो खाली करून दुसरा चढवला. फ्रिज सुरू झाला, पुन्हा बंद. तिसऱ्यावर एक लहान दिवा तेवढा टिकला, जरा लोड वाढला की तोही गेला. सातही सर्किटं एकदम कशी बिघडतील, हे काही केल्या उमगेना.

शेवटी समोरच्या काकूंकडून एक्स्टेंशनची वायर पॅसेजमधून ओढून नेब्युलायझर चालवला.

सकाळी वायरमन दादा आले. त्यांनी ऐकताक्षणी ओळखलं. "साहेब, न्यूट्रल अर्थला लागलाय. एमसीबी पाडून काय होणार? तो फक्त फेज तोडतो." आपल्याकडच्या बहुतेक घरांत सिंगल पोल एमसीबी असतात. त्यांतून फेज जातो. न्यूट्रल, म्हणजे परतीच्या तारा, सगळे एका पितळी पट्टीवर एकत्र बांधलेले असतात. एमसीबी खाली असला तरी त्या सर्किटचा न्यूट्रल पट्टीला जोडलेलाच राहतो. तो कुठे अर्थच्या तारेला टेकला असेल, तर घरातल्या कुठल्याही पंख्याचा, फ्रिजचा परतीचा करंट थोडा त्या वाटेने जमिनीत पळतो. आरसीसीबी गेलेला आणि आलेला करंट ताडून पाहतो, त्याला परत येणारा कमी दिसतो आणि तो पडतो. दोष एका सर्किटचा असतो, पण पंखा, फ्रिज काहीही लावलं तरी घर बंद पडतं.

मग दादांनी मेन बंद करून पट्टीवरचे न्यूट्रल एकेक सोडवायला घेतले. तिथे कळलं की अडचण नावं नसण्याच्याही पुढची आहे. एमसीबीवर लेबल असतं तरी त्या रात्री मला उपयोग झाला नसता. एकसारख्या काळ्या तारा, कुठली कुणाची ते लिहिलेलं नाही. अडीच तास गेले. सापडलं बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनच्या बोर्डात: पश्चिमेची भिंत, पावसाची झड, जॉइंटवरची टेप कुजून उघडा न्यूट्रल अर्थच्या तारेला चिकटलेला.

ज्या रात्री घरात एक तरी प्लग चालू हवा असतो, तेव्हाच ही मांडणी सगळं घर काळोखात ठेवते आणि घरच्या माणसाला शोधायला वाटही देत नाही. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

आरसीबीओमध्ये त्या त्या सर्किटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्याच पोटातून जातात. गळती बाल्कनीत असेल तर बाल्कनीचाच पडतो. घ्यायचा तो मात्र दोन्ही तारा तोडणारा घ्या. काही जातींत न्यूट्रल नुसता आरपार जातो, तुटत नाही. दुकानदाराला हे स्पष्ट विचारायला हवं. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी अशा उपकरणांच्या सर्किटला 'ए' टाइप मागा. त्यांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे गळती साध्या एसी स्वरूपाची राहीलच असं नाही आणि 'एसी' टाइपला ती दरवेळी कळत नाही.

आणखी एक फरक मला जाणवला, मोजलेला नाही. पूर्वी महिन्यातून एखाद्या वेळी आरसीसीबी विनाकारण पडायचा. कॉम्प्युटर, एलईडी, चार्जर यांची थोडी थोडी गळती नेहमीच चालू असते आणि ती सगळी एकाच आरसीसीबीच्या खात्यात जमा होते. 30 चा आरसीसीबी 15 च्या वर कुठेही पडू शकतो, त्यामुळे त्याच्याजवळ फारशी जागा उरत नसावी. आता हे खातं सात ठिकाणी वाटलं गेलंय. विनाकारण पडणं जवळपास थांबलं आहे.

बरं, खर्च. एका आरसीबीओच्या पैशांत पाच-सहा साधे एमसीबी सहज येतात. आपल्याकडे मिळणारे बरेचसे आरसीबीओ दोन मॉड्यूल, म्हणजे दोन साध्या एमसीबींची जागा घेतात, म्हणजे डबाही मोठा आणि भिंतीत तोडफोड. लहान गावात दुकानदार मागवून देतो, लगेच हातात मिळत नाही. आणि जुन्या वायरिंगचे दोष पहिल्याच दिवशी उघडे पडतात. आमच्याकडे बेडरूमच्या दिव्याने न्यूट्रल हॉलच्या बोर्डातून घेतला होता. एका आरसीसीबीखाली ते बारा वर्षं खपलं. आरसीबीओ लावल्यावर तो दिवा लावला की हॉल आणि बेडरूम दोन्ही एकदम पडायचे. असे उसने न्यूट्रल शोधून वेगळे करण्यात एक पूर्ण दिवस गेला. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल कुठून येतो हे काम सुरू होण्याआधीच बघून घ्या. डबा बदलण्यापूर्वी सगळी उपकरणं काढून 500 व्होल्टचा मेगर (तारांचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घेतला तर कुठलं सर्किट कच्चं आहे ते आधीच कळतं.

एका गोष्टीवर मात्र ठाम राहा. वायरमन म्हणेल, "पुढे जुना आरसीसीबी राहू द्या, डबल सेफ्टी." पुढे आणि मागे दोन्हीकडे 30 मिलीअँपिअर असले तर आधी कोण पडेल याचा नेम नाही आणि पुन्हा सगळं घर जाऊ शकतं. पुढे साधा आयसोलेटर, म्हणजे नुसता हाताने बंद करायचा मेन स्विच पुरतो. हवाच असेल तर 100 मिलीअँपिअरचा, उशिराने पडणारा 'एस' टाइप घ्या.

भाड्याचं घर असेल, चारच सर्किटं असतील किंवा डब्यात जागाच नसेल, तर एका आरसीसीबीवर राहणं मला चुकीचं वाटत नाही. मधली वाटही आहे: दोन आरसीसीबी, एकावर दिवे, पंखे आणि फ्रिज, दुसऱ्यावर गिझर, बाल्कनी, किचन अशा ओल्या जागा. न्यूट्रलच्या पट्ट्याही दोन वेगळ्या हव्यात. पण स्वतःचं घर असेल, वायरिंगला हात लागणारच असेल आणि घरात म्हातारं किंवा आजारी माणूस असेल, तर मी आरसीबीओसाठीच पैसे बाजूला काढेन.

नावं लिहिणं दोन्हींत सारखंच लागतं आणि त्याला खर्च नाही. आम्ही एका रविवारी केलं. मी डीबीपाशी, मुलगी नाइट लॅम्प घेऊन प्रत्येक प्लगला. एकेक खाली करायचा, ती ओरडून सांगायची. फ्रिजचा प्लग आम्ही किचनचा समजत होतो, तो निघाला हॉलच्या सर्किटवर. नुसतं 'हॉल' लिहू नका. 'हॉल दिवे, फ्रिज, बेल' असं लिहा. न्यूट्रलच्या तारांवर तेच नंबर वायरमनकडून टाकून घ्या. ते आपण स्वतः करायचं नाही, कारण मेन खाली असला तरी त्याच्या वरच्या टोकाला करंट असतो. दर महिन्याला 'टी' (टेस्ट) बटण दाबून पाहायचं, आता एकाऐवजी सात. बाबा ते एक तारखेला करतात.

गेल्या जुलैत बाल्कनीचा पुन्हा पडला, बहुधा रात्रीच. आम्हाला कळलं सकाळी, वॉशिंग मशीन लावताना.