जिओकॅशिंगचं यंत्र, आठ महिन्यांनंतर: सगळं छान, ते रबरी झाकण सोडून

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेले डबे उपग्रहांवरून जागा दाखवणाऱ्या यंत्राने शोधायचा खेळ. परवा इंग्लंडमधल्या आयव्हिंगो बीकन या टेकडीवरून पावसात उतरताना माझं ते यंत्र बंद पडलं, म्हणून लिहायला बसलो. पडदा, नकाशे, उपग्रह यांवर इतरांनी भरपूर लिहिलंय. मला बोलायचंय पाठीमागच्या यूएसबी सॉकेटवरच्या रबरी झाकणाबद्दल. अंगठ्याच्या नखाएवढं रबर, सुतासारख्या पट्टीवर लटकलेलं. चौथ्या महिन्यात पट्टी चिरली, सहाव्यात तुटली, आठव्यात पाणी आत. इथल्या चिल्टर्न्सच्या डोंगरात वर्षभर पाऊस असतो, वाटेवर खडूचा पांढरा चिखल असतो. तिथे वापरायच्या वस्तूला असं झाकण?

कंपनीला तीन मेल केल्या. उत्तर आलं: झाकण सुटं मिळत नाही, ८९ पौंड भरून यंत्र बदलून घ्या. मी ते घेतलंच १२० ला! एवढ्याशा रबरासाठी ८९ पौंड मागताना काहीच कसं वाटत नाही?

एक मत मात्र मागे घेतो. सुरुवातीला मी भेटेल त्याला सांगायचो की हे यंत्र चुकतं. एक चूक माझी होती. या खेळात डब्याचे अक्षांश-रेखांश देताना मिनिटांचे दशांश देतात, ४६.५०० म्हणजे ४६ मिनिटं ३० सेकंद. मी दशांशालाच सेकंद समजत होतो. पुढे अॅशरिजच्या रानात पडद्यावरचा दिशा दाखवणारा बाण गरगर फिरायचा, तो बीच नावाच्या दाट झाडांमुळे. ओल्या पानांखाली उपग्रहाचा संदेश क्षीण होतो, खोडांवर आपटून वाकडा येतो. २ मे २००० ला अमेरिकेने या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये पहिला डबा ठेवला गेला. त्याआधी शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. रानात दहा मीटर चुकतात म्हणून यंत्राला नावं ठेवणं बरोबर नव्हतं.

आता दहा मीटर उरले की यंत्र खिशात टाकतो. डबा जमिनीत पुरायचा नाही असा नियमच आहे, त्यामुळे नजर ठेवायची कुंपणाच्या खांबामागे, पोकळ मुळांत, आणि काटक्या जरा जास्तच नीट रचलेल्या दिसल्या तर तिथे. बीकनवर लोहयुगातल्या किल्ल्याचे तट आहेत, तिथे कशालाच हात लावायचा नाही. काही डब्यांचा पत्ता पाट्यांवरच्या आकड्यांतून काढावा लागतो. त्या सवयीने लेकीने कूम्ब हिल या टेकडीवरच्या, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या स्मारकावरची नावं एकेक करून वाचून काढली. एरवी ती गाडीतूनही उतरली नसती. वर तांबड्या घारी घिरट्या घालत होत्या. इंग्लंडमधून त्या पार नाहीशा झाल्या होत्या; १९८९ पासून स्पेनहून पिल्लं आणून इथे सोडली, त्यांचा हा वंश. तो दिवस या यंत्राने दिला, हे मान्य करायलाच हवं.

म्हणून ते फेकलं नाही. बॉयलरच्या कपाटात तीन दिवस वाळवलं, सुरू झालं. वडील कॅरियरला बांधायला सायकलची जुनी ट्यूब कापायचे, तसाच दोन बोटं रुंद पट्टा कापून सॉकेटवर ताणून बसवलाय. रविवारी वेंडओव्हरच्या रानात दीड तास भिजवलं. आत टिपूस नाही. ८९ पौंड मी भरणार नाही.