जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, शिवाजीनगर: हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी इथे विचारा

शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे कायद्याचा सल्ला फुकट मिळतो हे पुण्यात कितीतरी जणांना ठाऊकच नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना वाटतं, ते फक्त गोरगरिबांसाठी. तसं नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला उत्पन्नाची अट नाही. लहान मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतली माणसं, औद्योगिक कामगार यांनाही नाही. बाकीच्यांचं उत्पन्न महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांच्या आत असावं लागतं. मी कोथरूडला ब्लाउज शिवते, यांची कंपनीत नोकरी आहे, आमचं बरं चाललंय. तरी माझा अर्ज घेतला.

माझा प्रश्न घराघरात असतो तोच. बाबा गेले. सहकारनगरचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, मृत्युपत्र केलेलं नाही, आणि सोसायटीच्या कागदांत नॉमिनी म्हणून दादाचं नाव. दादाने ओळखीतून एक वकील गाठले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: नॉमिनी दादा म्हणजे फ्लॅट दादाचा, फक्त पुढे कटकट नको म्हणून आई आणि बहीण यांचं हक्कसोडपत्र करून घेऊ. कागद टाईप होऊन घरी आला. फ्लॅट नावावर झाला की बाजारभावाच्या दोन टक्के फी, असंही ठरलं होतं. काम फत्ते झाल्यावर मालमत्तेतला टक्का घ्यायचा, असा सौदा करायला बार कौन्सिलच्या नियमांत वकिलांना मनाई आहे. हे मला नंतर कळलं.

माझं दादाशी भांडण नव्हतं आणि नाही. पण आई चौऱ्याहत्तरची. बाबांच्या पाठीमागे तिच्याकडे ते घरच काय ते आहे, आणि त्या कागदावर तिचा अंगठाही मागितला होता. ते मला राहवेना. मेट्रोने निघाले आणि जिल्हा न्यायालय स्थानकाला उतरले. दोन्ही मार्गिका तिथेच मिळतात, त्यामुळे वनाज, पिंपरी, स्वारगेट, रामवाडी, कुठूनही सोयीचं पडतं.

साधा अर्ज भरून दिला. मग पॅनलवरच्या एक वकीलबाई भेटल्या. वयाने माझ्यापेक्षा लहानच. मी आणलेलं हक्कसोडपत्र त्यांनी बाजूला ठेवलं आणि विचारलं, "ताई, फ्लॅट बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतला होता का? करारनामा आहे? भावंडं किती? आई आहेत?" आणि मग, "बाबा गेले तेव्हा त्यांची आई हयात होती का?" मी चमकलेच. आजी जाऊन वीस वर्षं झाली, तिचा इथे काय संबंध? तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, आणि सगळ्यांचा हिस्सा सारखा. आजी असती तर चौथा वाटा तिचा झाला असता. आधीच्या वकिलांनी हा प्रश्न विचारलाच नव्हता. माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, तसं या बाईंनी आधी सगळं मोजून घेतलं. मग बोलल्या.

नॉमिनीचा गैरसमज त्यांनी अगदी स्वच्छ उलगडून सांगितला. नॉमिनी मालक होत नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी नवीन प्रकरण आलं. त्यात नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हटलं आहे, खरे वारस सभासद होईपर्यंत. म्हणजे सोसायटीशी पत्रव्यवहार दादाने करावा, पण हिस्से तिघांचे, एकेक तृतीयांश.

नंतर त्यांनी जे विचारलं ते मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. "तुम्हाला हिस्सा सोडायचा आहे का? घरच्यांना नाही, तुम्हाला विचारतेय. सोडायचा असेल तर जरूर सोडा, कागद करायला फार खर्च नाही. पण नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही." माहेर तुटू नये म्हणून सह्या करून मोकळ्या झालेल्या बायका माझ्याकडे रोज ब्लाउज शिवायला येतात. त्यांच्यापैकी एकीला तरी कुणी असं समोर बसवून विचारलं असेल का, हे मनातून जात नाही.

पुढच्या वेळी दादाला घेऊनच गेले. माझ्या तोंडून ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, हिने कुणाचं तरी ऐकून डाव मांडलाय. वकीलबाईंनी त्याला तेच, त्याच शब्दांत सांगितलं. आईने सही केली तर तिचा स्वतःच्या घरावर कायदेशीर हक्क उरणार नाही, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाला, "मला हे कुणी सांगितलंच नव्हतं गं." माझा त्याच्यावर विश्वास आहे.

आम्ही कुणीच हक्क सोडला नाही. तिघांची नावं लावायची ठरवली. सोसायटीने कोर्टाचं 'सक्सेशन सर्टिफिकेट' मागितलं होतं. त्यावर बाईंनी सांगितलं की ते बँकेतली रक्कम, शेअर यांसारख्या येण्यांसाठी असतं. घराच्या वारसांसाठी आपल्याकडे 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली वारस प्रमाणपत्र मिळतं, आणि तो मार्ग वाद असेल किंवा कुणी अडूनच बसलं तर. आमच्यात वाद नव्हता. सहकारी संस्था कायद्याच्या त्या नव्या प्रकरणात कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त, म्हणजे वारसांनी आपसांत ठरवून केलेला कागदही चालतो. सेक्रेटरींना कलम दाखवल्यावर त्यांनी तो दस्त, प्रतिज्ञापत्र आणि क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे नुकसान झालं तर भरून देऊ अशी लेखी हमी) यांवर काम पुढे नेलं.

इथली मर्यादाही सांगते. सल्ला मिळतो, कोर्टात केस चालवायची असेल तर वकील मिळतो. पण आमच्यासारखा घरगुती दस्त लिहून, नोंदवून घ्यायचा असेल तर खाजगी वकील बघावा लागला. तो शोधताना मात्र आता मला काय विचारायचं ते कळत होतं. गुगलवरच्या चांदण्यांवर मी गेले नाही. वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे मोठाले दावे करणाऱ्याबद्दल मला आधी शंकाच येते. टिळक रोडवरच्या एका वकिलांनी सोसायटी आणि वारसाची कामं नेहमी करतो म्हणून सांगितलं, फी एकरकमी आणि कागदावर लिहून दिली, पावती दिली, आणि मूळ कागद ठेवून न घेता झेरॉक्सवर काम केलं. हे महत्त्वाचं, कारण आधीचे वकील मूळ करारनामा द्यायला टाळाटाळ करत होते. फी बाकी आहे म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलं आहे. दादाने हे फोनवर शांतपणे म्हटलं, आणि संध्याकाळी करारनामा घरी आला.

घाई असेल, उद्याच बिल्डरच्या करारावर सही असेल, तर ही जागा तुमच्यासाठी नाही. भाड्याचं डिपॉझिट अडकलंय, नवरा पोटगी देत नाही, भाऊ सही मागतोय, अशा वेळी जरूर जा. विधी सेवेच्या 15100 या मदत क्रमांकावर आधी फोन करून विचारता येतं. जाताना ओळखपत्र, फोटो, मृत्यूचा दाखला, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, करारनामा यांच्या प्रती न्या, आणि घटना कोणत्या तारखेला घडल्या ते एका कागदावर क्रमाने लिहून न्या. समोर कुणी सही करायला सांगत असेल तर तो कागद सही न करता तसाच सोबत न्या.