सुपर मारिओ लँड २, मूळ कार्ट्रिजवर: खेळ अव्वल, सेल दगाबाज

सहा झोनच्या सहा सोन्याच्या नाण्यांपैकी पाच जमली होती, भोपळ्यांचा झोन तेवढा उरला होता, आणि निन्टेन्डोचा हातात धरायचा गेमबॉय चालू केला तर तिन्ही सेव्ह कोरे. खेळाला काही झालं नव्हतं. मारिओ तसाच पळत होता, आवाजही स्वच्छ होता. मेला होता तो कार्ट्रिजच्या, म्हणजे खेळ ज्यात असतो त्या डबीच्या, पोटातला चपटा सेल. कित्येक महिने हे कार्ट्रिज रोज वापरून लिहितोय, आणि खेळाआधी या सेलबद्दल बोलणार आहे, कारण जुनं कार्ट्रिज घेणाऱ्या प्रत्येकाची त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडणार आहे.

१९९२ च्या या कार्ट्रिजमध्ये सेव्ह ज्या रॅममध्ये राहतो, तिचा वीजपुरवठा तुटला की सगळं पुसलं जातं. म्हणून आत लिथियमचा सेल. गेमबॉय बंद असतानाही तो त्या रॅमला किंचित करंट देत राहतो. इतकी वर्षं टिकला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. संताप येतो तो जोडणीचा. सेल पत्र्याच्या पट्ट्यांनी बोर्डाला सोल्डर करून टाकलेला आहे, आणि कार्ट्रिज उघडायला साधा चपटा किंवा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही, ३.८ मिलिमीटरचा खास लागतो. गेमबॉयच्या चार पेन्सिल सेलचं झाकण अंगठ्यानं सरकतं. मग ज्या सेलवर खेळणाऱ्याची सगळी मेहनत टिकून आहे, त्यालाच कुलूपबंद का केलं?

एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. त्यानं पैसे पूर्ण घेतले आणि नवा सेल जुन्या पट्ट्यांत सरकवून वरून चिकटपट्टी मारून दिली. कार्ट्रिज काढता-घालता पट्टी जरा हलली की संपर्क तुटतो, आणि क्षणभर तुटला तरी सेव्ह गेला. तसाच गेला. परत नेलं तर म्हणे, "एवढ्या जुन्या वस्तूची गॅरंटी कोण देतं?" मी वस्तूची गॅरंटी मागत नव्हतो, त्यानं केलेल्या कामाची मागत होतो. शेवटी पट्ट्या आधीच वेल्ड केलेला सेल मागवला आणि घरी सोल्डर केला. दुरुस्तीवाल्याला मोजलेल्या पैशांत असे मूठभर सेल आले असते! पट्ट्या वेल्ड केलेलाच सेल घ्या. नुसत्या सेलवर तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवू नका, सेल फुटू शकतो. अधिक-उणे आधी बघा, आणि जुना सेल निघाला की जुने सेव्ह जातात हे धरून चाला.

नवा सेल येईपर्यंत सेव्हशिवाय खेळलो, आणि त्या दिवसांत माझी दोन मतं बदलली.

पहिलं उडीबद्दल. सुरुवातीला लिहून ठेवलं होतं की मारिओ जड वाटतो, वर गेला की खाली यायला वेळ लावतो. आता वाटतं, या पडद्यावर हीच उडी बरोबर आहे. गेमबॉयचा पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा. १९८९ च्या पहिल्या 'सुपर मारिओ लँड'मध्ये मारिओ मुंगीएवढा होता, इथे तो ऐसपैस केला, डोळे-मिशा दिसू लागल्या. पण १६ पिक्सेलचा एक ठोकळा धरला तर आडवे जेमतेम दहा ठोकळे मावतात. टीव्हीवरच्या मारिओत सोळा मावायचे. म्हणजे समोरचा शत्रू, पुढचा खड्डा, सगळंच उशिरा दिसतं. अशा वेळी उडी झटपट असती तर प्रत्येक झेप आंधळी झाली असती. हवेत मिळणारा तो जादा क्षण खाली बघून जागा निवडायला आहे. गाजर खाल्ल्यावर येणारे सशाचे कानही त्याचसाठी: उडीचं बटण दाबून ठेवा, कान फडफडतात, मारिओ तरंगत उतरतो. हल्ली मी आगीचे गोळे फेकू देणाऱ्या फुलापेक्षा गाजर जपतो.

फुलावरून आठवलं. चारच छटांच्या पडद्यावर आगवाला मारिओ रंगानं वेगळा दाखवता येत नाही, म्हणून त्याच्या टोपीत पीस खोचलंय. निन्टेन्डोतल्या गुनपेई योकोई यांच्या टीमचं असं काम दिसलं की मन भरून येतं.

दुसरं मत शिक्षेबद्दल. सगळ्या लाइफ संपल्या की जमवलेली सोन्याची नाणी प्रत्येक झोनच्या बॉसकडे परत जातात. मला हा निव्वळ छळ वाटायचा. पण पार केलेल्या लेव्हल उघड्याच राहतात, पुन्हा हरवायचा तो फक्त बॉस. झाडावरचा पक्षी, कासवाच्या झोनमधला ऑक्टोपस, मारिओ झोनमधली तीन डुकरं, सगळे दोन-चार मिनिटांचे. शिवाय सहाही झोन हव्या त्या क्रमानं खेळता येतात, त्यामुळे दर वेळी वाट वेगळी धरली. सेव्ह नसताना मी आधी चंद्रावर जायचो. तिथलं हलकं गुरुत्वाकर्षण आणि चेहरे असलेले तारे यांचा कंटाळा येतच नाही.

खेळाचा खलनायक वारिओ, त्याच्या किल्ल्याबद्दल मात्र मत बदललेलं नाही. अख्खा खेळ मवाळ, आणि शेवटचा किल्ला एकदम क्रूर. इतर लेव्हलमध्ये अर्ध्यावर घंटा मिळते, इथे मधला थांबा नाही. मरा आणि दारापासून सुरू करा. आत वारिओशी सलग तीन खोल्यांत झुंज, त्यातही तो आपलंच गाजर आणि आपलंच फूल वापरतो. कल्पना उत्तम आहे. वारिओचा हा पहिलाच खेळ, आणि १९९४ मध्ये त्याला स्वतःचा खेळ मिळाला तो का, हे इथे कळतं. पण एक घंटा द्यायला हवी होती.

संगीत काझुमी तोताका यांचं. मुख्य चाल एकच, ती झोनप्रमाणे रूप पालटते. कितीही ऐकली तरी डोकं उठत नाही. गेम ओव्हरच्या पडद्यावर साधारण अडीच मिनिटं काहीही न दाबता थांबा, त्यांची लपवलेली छोटी धून वाजते. हेडफोन लावून ऐका.

पडद्याला उजेड नाही आणि वेगात पळताना चित्र मागे ओघळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खिडकीपाशी बसून खेळतो.

हाच खेळ फेब्रुवारी २०२३ पासून निन्टेन्डोच्या स्विच या नव्या यंत्रावरच्या वर्गणीत आहे, तिथे कुठेही सेव्ह करता येतो, मग हा खटाटोप कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. वर्गणी थांबली की खेळ थांबला, आणि दरवर्षी पैसे भरत राहणं मला पटत नाही. सेलचा खर्च एकदाच, पुढची कित्येक वर्षं चिंता नाही.

घ्यायचं असेल तर विकणाऱ्याकडून उघडलेल्या बोर्डाचा फोटो मागा. सेलवर चिकटपट्टी दिसली तर किंमत पाडून मागा. फोटो द्यायला नकार दिला तर ते कार्ट्रिज घेऊच नका.