जुन्या जिप्सीचा क्लच: एका पावसाळ्यानंतर

एक्सेडी कंपनीचा क्लच सेट घेतला, अजून तरी तक्रार नाही. पण क्लच टिकण्याचं श्रेय मी अर्ध्याहून जास्त त्याच्यासोबत बदललेल्या किरकोळ वस्तूंना देईन.

गाडी मारुतीची जिप्सी किंग, १.३ लिटर पेट्रोल, वयानं विशीच्या पुढची. काम गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं: काजूच्या बागायतीचा चढ, ओल्या जांभ्यावर घसरणारी चाकं, वाटेत व्हाळ, म्हणजे ओढे. सामान भरून चोर्ला घाटही होतो. उन्हाळ्याच्या शेवटी जुना क्लच चढावर सुटायला लागला. इंजिन ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी.

दुकानात पहिल्यांदा हातात आली ती नुसती स्वस्त क्लच प्लेट. लायनिंग (प्लेटवरचा घर्षणाचा थर) रिव्हेटच्या डोक्यांच्या जेमतेम वर आणि झटका शोषणाऱ्या डॅम्परच्या स्प्रिंगा बोटानंही हलत होत्या. ती तिथेच ठेवली. दुसरा पर्याय ‘हेवी ड्यूटी’ सिरॅमिक. तोही नको म्हटलं. जिप्सीचा क्लच केबलवर चालतो. कडक प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) लावली की पेडल जड होतं, ताण केबल आणि क्लच सोडवणाऱ्या फोर्कवर येतो. शिवाय सिरॅमिक झटक्यानं पकडतं. चिखलातल्या चढावर इंच-इंच गाडी सोडायची असते, तिथे झटका म्हणजे चाक फिरलंच. आमच्यासारख्या वापराला कंपनीच्या मापाचीच ऑरगॅनिक प्लेट बरी.

सेटमध्ये प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला रेटणारं) येतं. मेस्त्रीला मी वेगळं आणून दिलं ते पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक धरणारं), क्रँकचं मागचं ऑइल सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील आणि नवी केबल. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग होते, म्हणून ते लेथवर हलकं घासून घेतलं. हा सगळा खटाटोप एवढ्यासाठी की जिप्सीचा ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) वेगळा असला, तो जागेवर राहिला, तरी मधला छोटा शाफ्ट सोडून गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मजुरी खरी त्याची. सील गळून नव्या प्लेटवर तेल आलं की तीच मजुरी पुन्हा.

प्लेट घालण्याआधी शाफ्टवर सरकवून बघायला सांगितलं. स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या खाचांवर) अडकली नाही, डुगडुगलीही नाही. मग ग्रीसचा पुसट हात फिरवला. जास्त लावलं तर ते उडून लायनिंगवर जातं. मेस्त्री जरा वैतागला होता, पण केलं.

सुरुवातीचे काही दिवस ओझं टाळलं. पेडलचा मोकळा खेळ लायनिंग बसल्यावर कमी झाला, तेव्हा केबल पुन्हा जुळवली. हे बरेच जण विसरतात आणि मग रिलीज बेअरिंग सतत फिरत राहून आवाज करायला लागतं.

पावसात रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या गिअरला किंचित थरथर जाणवते, दोन-चार वेळा गाडी सोडली की जाते. व्हाळात पाणी लागल्यावरही तेच. चढावर आता सरळ लो रेंज (ट्रान्सफर केसचा हळू, जास्त ओढीचा गिअर) टाकतो, अर्धा क्लच धरून बसत नाही.

राहिलंय ते फोर्कच्या शाफ्टचं बुश. ते घासलंय, पेडल दाबताना कुरकुरतं. त्या दिवशी मिळालं नाही, बेळगावहून मागवलंय.