व्हर्जिनियाची फास्टफॉरवर्ड योजना: एक तृतीयांश फीमध्ये कोर्स, पण अट वाचून

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांत वेल्डिंग, ट्रकचालक परवाना, नर्सिंग सहाय्यक असे नॉनक्रेडिट, म्हणजे पदवीसाठी न मोजले जाणारे, कोर्स फास्टफॉरवर्ड योजनेखाली चालतात. बरेचसे काही आठवड्यांत उरकतात. 2016 पासून राज्य यासाठी अनुदान देतं, आणि देण्याची पद्धत हुशारीची आहे.

समजा फी 3,000 डॉलर. सुरुवातीला तुम्ही 1,000 भरायचे. कोर्स पूर्ण केलात की दुसरे 1,000 राज्य कॉलेजला देतं, आणि प्रमाणपत्र मिळालं की तिसरे. म्हणजे परीक्षेला बसा म्हणून कॉलेज मागे का लागतं, ते समजलं असेल! गोम अशी की कोर्स अर्धवट सोडलात तर दुसरा हप्ता तुमच्याच माथी येतो. शिफ्टची नोकरी सांभाळणाऱ्यांनी वर्गाच्या वेळा आधी तपासाव्यात. गळती बहुधा तिथेच होते.

सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: तो कोर्स योजनेच्या यादीत आहे का, परीक्षेची फी धरलेली आहे का, अवजारं आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च कोणाचा. उत्पन्न कमी असेल तर पहिल्या हप्त्यासाठीही मदत मिळू शकते, ती मागावी लागते. पुढे पदवी करायची असेल तर मात्र जपून, हे तास आपोआप क्रेडिटमध्ये धरले जात नाहीत.

1 जुलै 2026 पासून फेडरल पेल अनुदानही (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची मदत) किमान 8 पण 15 पेक्षा कमी आठवड्यांच्या, 150 ते 599 तासांच्या पात्र कोर्सना लागू होतं. तिथे कोर्स पूर्ण करणारे आणि नोकरीला लागणारे, दोन्हींचं प्रमाण किमान 70 टक्के हवं.