मेंदूतला एचआयव्ही शोधताना : लॉस अलामोसच्या अनुक्रम-संग्रहाचे परीक्षण

एकाच रुग्णाच्या मेंदूतील निरनिराळ्या भागांत एचआयव्ही वेगवेगळ्या वाटांनी बदलत जातो, हे वर्गात फळ्यावर सांगून पटत नाही. विद्यार्थ्यांनी स्वतः अनुक्रम, म्हणजे विषाणूच्या जनुकीय अक्षरांची ओळीने नोंद, उतरवून घेतले आणि त्यांचा वंशवृक्ष काढला, की मगच ते पटते. त्यासाठी मी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेचा एचआयव्ही अनुक्रम-संग्रह वापरतो. तो विनामूल्य आहे आणि शोध घेण्यासाठी खातेही उघडावे लागत नाही.

हेच अनुक्रम जेनबँक या सर्व सजीवांच्या सार्वजनिक अनुक्रम-संग्रहातही मिळतात, मग इथे कशाला यायचे, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच. जेनबँकेत अनुक्रम सुटे सुटे पडलेले असतात. इथे मात्र मूळ शोधनिबंध चाळून प्रत्येक अनुक्रमाला रुग्णाचा सांकेतिक क्रमांक, नमुन्याची ऊती, विषाणूचा उपप्रकार अशी माहिती जोडण्याचे किचकट काम कोणीतरी आपल्यासाठी करून ठेवलेले असते. मेंदूतले आणि प्लीहेतले अनुक्रम एकाच माणसाचे आहेत हे कळल्याशिवाय त्यांची तुलनाच करता येत नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने या सेवेचे खरे मोल या जोडणीत आहे. शोध-पानावर ऊती म्हणून मेंदू निवडावा, एचएक्सबी२ या प्रमाण-अनुक्रमाच्या मोजणीप्रमाणे ६२२५ ते ८७९५ हा आवरण-जनुकाचा (विषाणूच्या बाहेरच्या आवरणातील प्रथिन घडवणाऱ्या जनुकाचा) पट्टा द्यावा आणि हाती आलेली यादी रुग्णवार लावून घ्यावी.

पुढची गंमत याच संकेतस्थळावरच्या ‘हायलायटर’ या साधनात आहे. एकाखाली एक मांडलेल्या आडव्या रेषांवर, मूळ अनुक्रमापासून जिथे जिथे बदल झाला तिथे रंगीत उभी खूण उमटते. मेंदूतील अनुक्रमांमध्ये काही खुणा एकाच रांगेत सलग खाली उतरताना दिसतात, तर त्याच रुग्णाच्या रक्तातील किंवा लसीकाग्रंथीतील अनुक्रमांत त्या जागा कोऱ्या असतात. ती रांग पाहिली की मुले खुर्ची पुढे ओढतात. मेंदूत विषाणूचा मुख्य आसरा म्हणजे रक्तवाहिन्यांलगतच्या मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी४ ग्राही (विषाणू पेशीत शिरताना ज्याला चिकटतो ते प्रथिन) अगदी थोडे असतात, त्यामुळे थोडक्या सीडी४वर भागवू शकणारे आणि सहसा सीसीआर५ हाच दुसरा ग्राही वापरणारे विषाणू तिथे टिकतात. जीपी१२० या विषाणूच्या आवरणातील प्रथिनात २८३व्या जागी अ‍ॅस्परजिन हे अमिनो आम्ल येणे हे त्याचे ठळक उदाहरण. या एका बदलाने प्रथिनाची सीडी४वरची पकड वाढते, आणि एचआयव्हीजन्य स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णांच्या मेंदूत तो अधिक आढळल्याचे २००६मध्ये प्रसिद्ध झाले. वर्गात मी आधी ही जागा शोधायला लावतो. ती सापडली की बाकीचा तास आपोआप पुढे सरकतो.

मात्र वंशवृक्षात मेंदूची फांदी वेगळी निघाली म्हणून लगेच हुरळून जाऊ नये. जुन्या अभ्यासांत ऊतीतून एकत्रित पीसीआर (जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) करून मग त्यांतून क्लोन, म्हणजे एकेक प्रत, निवडले जात. ज्यांवरून प्रती निघाल्या ते मूळ साचे मोजकेच असतील, तर एकाच साच्याच्या दहा प्रती दहा वेगळे विषाणू म्हणून मोजल्या जातात आणि मेंदू आणि बाकीच्या शरीरातील विषाणूंमध्ये नसलेली भिंत दिसू लागते. एकेका जीनोमचे स्वतंत्र प्रवर्धन करून मिळवलेले अनुक्रम म्हणूनच अधिक विश्वासार्ह असतात. पण अनुक्रम कोणत्या पद्धतीने मिळवले, हे खात्रीने जाणण्यासाठी मूळ निबंध उघडण्याला पर्याय नाही. पेशीच्या बचावातील अ‍ॅपोबेक प्रथिनांमुळे ‘जी’ या जनुकीय अक्षराचे ‘ए’ झालेले अनुक्रमही वृक्ष वाकडा करतात. ते गाळण्यासाठी याच संकेतस्थळावर ‘हायपरम्यूट’ आहे, आणि ते मी कधीही वगळत नाही.

ललाटखंड, शंखखंड, बेसल गँग्लिया, मेंदूची आवरणे अशी भागनिहाय तुलना करायची असेल, तर मात्र संयम लागतो. मूळ संशोधकांनी जेवढे लिहिले तेवढेच संग्रहात उतरणार, आणि कित्येकांनी नुसते ‘मेंदू’ असे लिहून हात झटकलेले असतात. ज्यांनी भाग नोंदवले आहेत त्यांचे अनुक्रम पाहिले, की मेंदू म्हणजे एकसंध कोठार नसून त्यातही आपापली वस्ती करून राहिलेले विषाणू असतात, हे दिसते. ही ऊती बहुतेक वेळा मृत्यूनंतर घेतलेली असते, त्यामुळे एका रुग्णाचा एकच क्षण हाती लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्याकडच्या अभ्यासकाला आणखी एक उणीव जाणवेल. मेंदूतील बहुतांश अनुक्रम बी उपप्रकाराचे आहेत आणि भारतात प्राबल्य आहे सी उपप्रकाराचे. सी उपप्रकाराच्या टॅट या विषाणू-प्रथिनात ३१व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी सहसा सेरीन असते आणि त्यामुळे मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींना ओढून घेण्याची त्याची ताकद कमी पडते, असे भारतातल्याच संशोधनाने २००४मध्ये दाखवले. तेव्हा बी उपप्रकारावरून काढलेले निष्कर्ष पुण्यातल्या किंवा सांगलीतल्या रुग्णाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पदव्युत्तर प्रकल्पासाठी पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण कापला तो संग्रहाचा नव्हे, ‘मेंदू’ एवढेच लिहून थांबलेल्यांचा.